क्लासमधलं फंक्शन इंटरप्टला का जोडता येत नाही, आणि मग जोडायचं कसं

कंपायलरचा हा मेसेज तुम्ही कधी ना कधी बघितला असणार: ‘इनव्हॅलिड यूज ऑफ नॉन-स्टॅटिक मेंबर फंक्शन’. साध्या फंक्शननं इंटरप्ट (पिनवर सिग्नल आला की चालू काम थांबवून ठरलेलं फंक्शन चालवणं) मस्त चालत होता, आर्डुइनोच्या पिन दोनला सेन्सर लावला, अटॅचइंटरप्टला फंक्शनचं नाव दिलं, झालं काम. मग कोड वाढला, सगळं एका क्लासमध्ये नेलं, आणि तेच फंक्शन तिथून द्यायला गेलं की कंपायलर अडून बसतंय. कोल्हापुरात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करणारी पोरं असोत की शिरोली, गोकुळ शिरगावला मशिनवर काउंटर बसवणारे असोत, बरेच जण इथंच येऊन थांबतात, मग कुठूनतरी ‘स्टॅटिक लिही’ एवढंच कळतं, लिहितात, एरर जातो, पण का गेला ते कळत नाही आणि दुसरा सेन्सर लावला की परत तीच बोंब. म्हणून हा विषय मुळापासून घेऊया, कारण एकदा कळला की आर्डुइनो बोर्ड, एसटीएम३२ चिप, लिनक्सचे सिग्नल, सगळीकडं तोच कामाला येतोय.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर धोटा एकदा आडवा गेला की एक आडवा धागा पडतो, तो एक पिक. क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पिक, म्हणून शाफ्टपाशी सेन्सर लावला की मोजता येतंय. समजा साधा माग मिनिटाला दीडशे पिक टाकतोय, म्हणजे दोन पिकमध्ये ४०० मिलिसेकंद. आता आपण क्लास केला ‘लूमकाउंटर’, त्यात पिकची संख्या, पिन नंबर, माग शेवटचा कधी हलला ती वेळ, आणि एक फंक्शन ‘पिकआला’, जे संख्या एकानं वाढवतंय. माग दोन, म्हणून ऑब्जेक्ट दोन, लूम१ आणि लूम२. मांडणी एकदम बरोबर आहे, क्लास करायचा तो यासाठीच.

आता ‘पिकआला’ हे फंक्शन मेमरीत किती वेळा आहे? एकदाच. ऑब्जेक्ट दोन केले म्हणून फंक्शनच्या दोन कॉप्या होत नाहीत, डेटा तेवढा दोनदा असतो. मग एकाच फंक्शनला कळतं कसं की आत्ता लूम१ ची संख्या वाढवायची की लूम२ ची? कळतं, कारण तुम्ही लूम१ डॉट पिकआला असं लिहिता तेव्हा कंपायलर गुपचूप लूम१ चा पत्ता त्या फंक्शनला एक जादाचं आर्ग्युमेंट म्हणून देतो. तेच ते ‘धिस’. तुमच्या कोडमध्ये कंसात काही नसलं तरी प्रत्यक्षात तिथं एक पॉइंटर जातोच. ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘सी विथ क्लासेस’ म्हणून जी सुरुवात केली आणि पुढं जिचं सी प्लस प्लस झालं, तिच्या सीफ्रंट या सुरुवातीच्या कंपायलरमध्ये तर हे उघड दिसायचं, कारण तो सी प्लस प्लसचं साध्या सी मध्ये भाषांतर करायचा आणि मेंबर फंक्शनचं जे सी फंक्शन तयार व्हायचं त्यात हा पॉइंटर सरळ आर्ग्युमेंट म्हणून लिहिलेला असायचा.

आता दुसरी बाजू बघा. इंटरप्ट येतो तेव्हा कोण कुणाला बोलावतंय? तुमचा कोड बोलावत नाही, हार्डवेअर बोलावतंय. आर्डुइनो उनो बोर्डवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये फ्लॅशच्या सुरुवातीला २६ व्हेक्टरचं, म्हणजे उडी मारायच्या जागांचं, एक टेबल असतं, प्रत्येक कारणाला एक ठरलेली जागा, रिसेट, इंट झीरो, इंट वन, टायमर असं. पिनवर सिग्नल आला की चिप चालू काम थांबवते, परत कुठं यायचं तो पत्ता स्टॅकवर ठेवते आणि त्या ठरलेल्या जागेवर उडी मारते, बस. आर्ग्युमेंट वगैरे काही नाही, तुमचा क्लास, ऑब्जेक्ट, लूम१, लूम२ हे त्या चिपच्या गावीही नसतंय. कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवर माइकवरून नुसतंच ‘गाडी फलाटाला लागली आहे’ एवढंच सांगितलं आणि कुठली गाडी ते सांगितलंच नाही तर जे होईल तेच इथं होतंय, निरोप खरा आहे पण त्यावर करायचं काय ते ठरवता येत नाही.

म्हणून कंपायलर अडतोय. अटॅचइंटरप्टला हवं असतं असं फंक्शन, ज्याला काहीच लागत नाही, आणि आपण देतोय असं, ज्याला ऑब्जेक्टचा पत्ता लागतोच. दोघांचा टाइपच वेगळा. साधा फंक्शन पॉइंटर म्हणजे नुसता एक पत्ता, मेंबर फंक्शनचा पॉइंटर ही वेगळीच चीज आहे, जीसीसी या कंपायलरमध्ये तो साध्या पॉइंटरच्या दुप्पट जागा घेतो कारण व्हर्च्युअल फंक्शन आणि इनहेरिटन्सची माहितीपण त्यात ठेवावी लागते.

काही जण इथं जबरदस्तीनं कास्ट करतात, म्हणजे कंपायलरला एक टाइप दुसरा म्हणून घ्यायला लावतात. जीसीसीमध्ये तसं करू देणारी एक सोयपण आहे, आणि मग कोड कंपाइल होतो, कधीकधी चालल्यासारखाही वाटतो. कृपा करून हे करू नका. एव्हीआरवर, म्हणजे उनोच्या चिपच्या जातीवर, पहिलं आर्ग्युमेंट आर२४ आणि आर२५ या रजिस्टरच्या जोडीत जातं. इंटरप्टमधून कुणी तिथं काही भरलेलं नसतंय, त्यामुळं त्या क्षणी तिथं जे काही पडलेलं असेल तेच ‘धिस’ म्हणून धरलं जातं आणि तुमचं फंक्शन मेमरीत कुठंतरी भलत्याच ठिकाणी एक वाढवून येतं. उनोत रॅम सगळी मिळून २ केबी, त्यात असं कुठंतरी लिहिलं गेलं की दोन दिवसांनी डिस्प्ले बिघडणार, बोर्ड रिसेट होणार, आणि दोष तुम्ही सप्लायला देत बसणार. कंपायलर अडवतोय ते आपल्या भल्यासाठीच.

थोडक्यात सगळा प्रश्न एवढाच, की ‘कुणाचं’ ही माहिती हार्डवेअर देत नाही, मग ती आपण कुठं ठेवायची? ज्या ज्या युक्त्या तुम्हाला सापडतील त्या सगळ्या या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत, म्हणून युक्ती पाठ करण्यापेक्षा प्रश्न डोक्यात ठेवला तर नवीन बोर्ड आला तरी अडत नाही.

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे स्टॅटिक मेंबर फंक्शन. स्टॅटिक म्हणजे क्लासच्या घरात राहणारं पण ‘धिस’ न मागणारं फंक्शन, त्याचा पत्ता साधा असतो आणि अटॅचइंटरप्ट तो आनंदानं घेतो. पण त्याला संख्या दिसत नाही, कारण संख्या ऑब्जेक्टची आहे. म्हणून क्लासमध्येच एक स्टॅटिक पॉइंटर ठेवायचा, सुरुवातीला त्यात ऑब्जेक्टचा पत्ता भरायचा, आणि स्टॅटिक फंक्शननं त्या पॉइंटरवरून खरं ‘पिकआला’ बोलवायचं. म्हणजे एक पूल झाला, इंटरप्ट पुलावर येतो आणि पूल त्याला ऑब्जेक्टपर्यंत सोडतो. एकच माग असेल तर एवढ्यावर काम संपलं.

दोन माग आले की मात्र हाच पूल फसवतो. स्टॅटिक पॉइंटर सगळ्या क्लासला मिळून एकच असतो, लूम२ नं आपला पत्ता भरला की लूम१ चा पत्ता पुसला गेला, आणि मग दोन्ही मागांचे पिक लूम२ च्या नावावर जमा. एरर काही येत नाही, आकडेही वाढताना दिसतात, त्यामुळं ही चूक लवकर सापडत नाही. कापडाची मजुरी पिकावर ठरते तिथं असला आकडा म्हणजे सरळ कुणाच्या तरी कामाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात, म्हणून इथं जरा जपून.

यावर उपाय पॉइंटरचा अ‍ॅरे आणि प्रत्येक जागेला एक वेगळं छोटं फंक्शन. उनोवर एक्स्टर्नल इंटरप्टच्या पिन दोनच, २ आणि ३, त्यामुळं दोन फंक्शनं हातानं लिहिली तरी चालतंय. आर्डुइनो मेगावर सहा आहेत, तिथं हातानं लिहायचा कंटाळा येतो आणि कॉपी-पेस्टमध्ये नंबर बदलायचा राहतो. तिथं टेम्प्लेट वापरा. टेम्प्लेटला नंबर दिला की कंपायलर प्रत्येक नंबरसाठी वेगळं फंक्शन स्वतः तयार करतो, प्रत्येकाचा पत्ता वेगळा, आणि पत्ता वेगळा म्हणजेच ‘कुणाचं’ ही माहिती त्या पत्त्यातच आली. हे नीट लक्षात घ्या, कारण इथंच सगळं आहे: हार्डवेअर आर्ग्युमेंट देत नसेल तर प्रत्येक ऑब्जेक्टसाठी उडी मारायची जागाच वेगळी करायची.

मला स्वतःला याच्याही पुढचा प्रकार जास्त आवडतो. टेम्प्लेटला नंबर न देता थेट ऑब्जेक्टचा रेफरन्सच द्यायचा. लूम१ ग्लोबल असेल तर त्याचा पत्ता लिंक होतानाच पक्का होतो, म्हणून तो टेम्प्लेटला देता येतो, आणि मग ना अ‍ॅरे, ना स्टॅटिक पॉइंटर, ना पॉइंटर भरायचा राहिला तर काय याची भीती. पूल<लूम१> हे एक फंक्शन, पूल<लूम२> हे दुसरं, दोन्ही अटॅचइंटरप्टला सरळ द्यायची. रॅमचा एक बाइटही जादा जात नाही. अट एवढीच की ऑब्जेक्ट ग्लोबल किंवा स्टॅटिक हवा, चालू प्रोग्रॅममध्ये न्यू करून बनवलेल्या ऑब्जेक्टला हे जमत नाही. पण मायक्रोकंट्रोलरवर तसंही सगळं आधीच ठरलेलं असतंय, माग किती ते बोर्ड बनवतानाच माहिती असतंय, त्यामुळं ही अट मला तरी अडचण वाटत नाही.

लॅम्ब्डाचं, म्हणजे नाव न देता जागेवरच लिहिलेल्या फंक्शनचं काय, हे हमखास विचारलं जातं. चौकोनी कंसात काहीच न पकडणारा लॅम्ब्डा साध्या फंक्शन पॉइंटरमध्ये बदलतो, म्हणून तो चालतो, आणि त्याच्या आत ग्लोबल लूम१ चं फंक्शन बोलावलं तर तो आपला पूलच झाला, दोन-तीन सेन्सरना सगळ्यात सुटसुटीत. पण चौकोनी कंसात ‘धिस’ पकडला की तो लॅम्ब्डा स्वतःच एक ऑब्जेक्ट होतो, पोटात पत्ता घेऊन बसलेला, आणि आपण परत पहिल्या जागी.

मजेची गोष्ट म्हणजे आर्डुइनोची लायब्ररी स्वतः आतून हेच करते. खऱ्या व्हेक्टरवर तिचं स्वतःचं फंक्शन बसलेलं असतं, आणि अटॅचइंटरप्टला तुम्ही जे देता ते एका अ‍ॅरेत ठेवलं जातं, इंटरप्ट आला की ती अ‍ॅरेतून काढून तुमचं फंक्शन बोलावते. तिनं सोबत एक पॉइंटर ठेवला असता तर हा सगळा खटाटोप वाचला असता. ईएसपी३२ या दुसऱ्या चिपच्या आर्डुइनो कोअरमध्ये तेच केलंय, तिथं अटॅचइंटरप्टआर्ग नावाचं फंक्शन आहे, हँडलरसोबत, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनसोबत, एक व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही टाइपचा पत्ता) द्यायचा, इंटरप्ट आला की तो परत हातात मिळतो, त्याला लूमकाउंटर पॉइंटर करून घ्यायचं की काम झालं. लिनक्स कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहिणारे रिक्वेस्टआयआरक्यूला शेवटचं आर्ग्युमेंट देतात तेही हेच, आणि पीथ्रेडक्रिएटमधला व्हॉइड पॉइंटरही हाच. बोर्ड निवडायची मोकळीक असेल आणि सेन्सर बरेच असतील तर या एका कारणासाठीसुद्धा मी ईएसपी३२ घेईन. फक्त तिथं हँडलर आयरॅममध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या रॅममध्ये, ठेवायला विसरू नका, कारण फ्लॅशवर लिहिणं चालू असताना फ्लॅशमधला कोड चालवता येत नाही.

एसटीएम३२ वाल्यांसाठी एक वेगळा खड्डा सांगतो. त्यातल्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरमध्ये इंटरप्ट आला की आठ रजिस्टर हार्डवेअरच स्टॅकवर ठेवतं, त्यामुळं साधं सी फंक्शन थेट हँडलर होऊ शकतं, हे छान. पण हँडलरचं नाव स्टार्टअप फाइलमध्ये आधीच ठरलेलं असतं, सी च्या पद्धतीनं. तुम्ही ते सी प्लस प्लस फाइलमध्ये ‘एक्स्टर्न सी’ न लावता लिहिलं तर कंपायलर नावात आर्ग्युमेंटचे टाइप मिसळून वेगळंच नाव करतो, लिंकरला ते जुळत नाही, आणि तो मुकाट्यानं डिफॉल्ट हँडलर लावतो, जो नुसता न संपणारा लूप असतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, पहिला इंटरप्ट आला की बोर्ड गप. म्हणून व्हेक्टरवर बसणारं फंक्शन क्लासच्या बाहेर, ‘एक्स्टर्न सी’ लावून, आणि त्यातून ऑब्जेक्टचं फंक्शन बोलवायचं. क्लासच्या आतल्या फंक्शनला ‘एक्स्टर्न सी’ लागूच होत नाही.

पूल बांधला तरी ऑब्जेक्ट जागेवर आहे का हे बघायलाच पाहिजे. सेटअपच्या आत लोकल ऑब्जेक्ट बनवला, त्याचा पत्ता पुलाला दिला आणि सेटअप संपला, की ऑब्जेक्ट गेला, पत्ता मात्र राहिला, पुढचा पिक भलत्याच मेमरीवर पडणार. ऑब्जेक्टची कॉपी केली तरी तसंच, इंटरप्ट जुन्याला वाढवत राहतो आणि तुम्ही नव्याची संख्या वाचत बसता. म्हणून अशा क्लासची कॉपी बंदच करून टाका, आणि डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट संपताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) डिटॅचइंटरप्ट लिहा. आणि इंटरप्ट जोडायचं काम कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) करू नका, ग्लोबल ऑब्जेक्टचा कन्स्ट्रक्टर मेन सुरू व्हायच्या आधीच चालतो, तेव्हा आर्डुइनोनं आपली हार्डवेअरची तयारी केलेली नसते. बहुतेक लायब्ररींमध्ये ‘बिगिन’ नावाचं वेगळं फंक्शन दिसतं ते याच कारणानं.

हँडलरच्या आत काय करायचं, तर शक्य तेवढं कमी. संख्या वाढवा आणि बाहेर पडा. उनोवर इंटरप्टच्या आत असताना बाकीचे इंटरप्ट बंद असतात, मिलिसचं घड्याळ पुढं सरकत नाही, डिले संपतच नाही. आणि संख्येला व्होलाटाइल लावा, म्हणजे कंपायलर ती दर वेळी मेमरीतूनच वाचतो, पण तेवढ्यानं भागत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. एव्हीआर ८ बिटची चिप, १६ बिटची संख्या ती दोन तुकड्यांत वाचते. संख्या २५५ आहे, लूपनं खालचा तुकडा वाचला, तो २५५, तेवढ्यात पिक आला आणि संख्या २५६ झाली, आता वरचा तुकडा वाचला तर तो १. जोडून वाचलं तर ५११. खरी संख्या ना ही ना ती. म्हणून वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, कॉपी घ्या, परत चालू करा. हे काम क्लासमध्येच ‘संख्यावाचा’ अशा एका फंक्शनमध्ये बंदिस्त करता येतं, आणि क्लास केल्याचा खरा फायदा मला इथं दिसतोय, बाहेरच्या माणसाला हे लक्षात ठेवायची गरजच उरत नाही.

आता लिनक्सचे सिग्नल, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळणारे निरोप. समजा सगळ्या मागांचे आकडे एका रास्पबेरी पायवर गोळा होतायत, आणि प्रोग्रॅम बंद करताना आकडे फाइलमध्ये लिहून ठेवायचेत. सर्व्हिस बंद केली की सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) सिगटर्म हा बंद व्हायचा सिग्नल पाठवतो, नंबर १५. इथंही सिग्नल फंक्शनला साधा फंक्शन पॉइंटर लागतो, एक इंट घेणारा, म्हणून मेंबर फंक्शन चालत नाही, कारण तेच. स्टॅटिक फंक्शन आणि पॉइंटरची युक्तीही चालते. पण इथं माझं मत जरा वेगळं आहे. पिन क्रमांक दोन ही खरोखर लूम१ ची असते, सिग्नल मात्र कुठल्याच ऑब्जेक्टचा नसतो, तो अख्ख्या प्रोसेसचा असतो, एका सिग्नलला एका वेळी एकच हँडलर. मग त्याला ओढूनताणून ऑब्जेक्टला बांधायचंच कशाला?

शिवाय सिग्नल हँडलरमध्ये करता येण्यासारखं फारच थोडं असतं. समजा मुख्य कोड मॅलॉकच्या (मेमरी मागायच्या फंक्शनच्या) आत आहे, मॅलॉकनं आपलं कुलूप लावलंय, आणि नेमका तेव्हा सिग्नल आला. हँडलरमध्ये तुम्ही न्यू केलं किंवा स्ट्रिंग जोडली, की परत मॅलॉक, तो कुलूप उघडायची वाट बघणार, आणि कुलूप ज्याच्याकडं आहे तो तर हँडलर संपायची वाट बघत थांबलाय. प्रोग्रॅम कायमचा अडकला. प्रिंटएफ पण याच कारणानं चालत नाही, राइट चालतं. म्हणून हँडलरमध्ये व्होलाटाइल सिगअ‍ॅटॉमिकटी प्रकारचा एक झेंडा वर करायचा आणि परत यायचं, मुख्य लूपनं झेंडा बघून आकडे निवांत लिहायचे, तिथं मेंबर फंक्शन, स्ट्रिंग, फाइल सगळं चालतं.

याहून स्वच्छ रस्ता हवा असेल तर हँडलर लिहूच नका. मेनच्या सुरुवातीलाच सिगटर्म ब्लॉक करा, मग थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या वेगळ्या वाटा) तयार करा, म्हणजे तो ब्लॉक सगळ्या थ्रेडना आपोआप लागू होतो, आणि एका थ्रेडला सिगवेटवर, म्हणजे सिग्नलची वाट बघत, बसवून ठेवा. सिग्नल आला की तो थ्रेड जागा होतो आणि तो साधा थ्रेड असतो, हँडलर नाही, त्यामुळं ऑब्जेक्टचं कुठलंही फंक्शन बिनधास्त बोलवा. इपोलवर (एकदम अनेक फाइलींवर नजर ठेवणाऱ्या सोयीवर) चालणारा प्रोग्रॅम असेल तर सिग्नलएफडी वापरा, तो लिनक्समध्ये २.६.२२ पासून आहे, सिग्नल एखाद्या फाइलसारखा वाचता येतो.

हे सगळं करून आकडे लिहायला सिस्टमडी डिफॉल्टनं ९० सेकंद देतो, त्यानंतर सिगकिल, नंबर ९, त्याला हँडलरही लावता येत नाही आणि तो ब्लॉकही होत नाही. आणि शेडमधली लाइटच गेली तर कुठलाच सिग्नल येणार नाही, म्हणून पिकचे आकडे दर मिनिटाला फाइलमध्ये लिहायची सोय याच्याशिवाय वेगळी ठेवा.